वेग : नऊ

नेव्हिल खैरनार नावाचा कुणी माणूस नाही.
संगणकानं एका यादीतून नाव उचललं,
दुसरीतून आडनाव,
आणि सोळा वर्षांचं पोरगं करून
माझ्या क्लबच्या दारात उभं केलं.
वेग : वीसपैकी अठरा.
बाकीचे रकाने मी वाचलेच नाहीत.

क्लबही माझाच. अंबड युनायटेड.
जर्सी करडी, आमच्या प्रेस शॉपच्या भिंतीसारखी.
मैदान पाथर्डी फाट्याच्या पुढं,
जिथं खरं तर टेम्पो उभे असतात.

माझे तीन हिवाळे म्हणजे त्याचे अठरा हंगाम.
आणि अठरा हंगाम आमचं एकच धोरण :
चेंडू डावीकडं द्या, आणि बघत बसा.
चार-तीन-तीन. बचाव पार मध्यरेषेला चिकटलेला.
समोरचा श्वास घेईल तिथं जाऊन भिडायचं.
पोरं दमायची, पण जिंकायची.

आता नेव्हिल चौतीसचा.
वेग : नऊ.
आकडा लाल.
सलग पाच सामने गेले.
त्याच्या पाठीमागची मोकळी जागा
समोरच्या संघांना तोंडपाठ झालीये.
सहायक प्रशिक्षक (तोही नसलेलाच)
दर सोमवारी तेच पत्र धाडतो :
विकून टाका, भाव आहे तोवर.
जशी काही द्राक्षंच,
उद्या मणी तडकतील.

रात्रीचा दीड. उंटवाडी गारठलेली.
निफाडकडचा वारा खिडकीच्या फटीतून आत,
आणि मी लॅपटॉपच्या पंख्यावर हात शेकत
माणसं सरकवतोय.
बचाव मागं, अजून मागं.
भिडणं कमी.
उजव्या बॅकला म्हणतो, तू वर जायचं नाहीस आता.
तो रुसतो, नावापुढं लालभडक तोंड.
रुस.
नेव्हिलला कडेवरून उचलतो
आणि बचावाच्या पुढ्यात मधोमध ठेवतो,
जिथं पळायचं थोडं, बघायचं फार.

तेव्हा दिसतं.
दृष्टी : सतरा.
इतकी वर्षं तो पळत होता,
म्हणून तो काय बघतो
हे बघायचं राहूनच गेलं.

हर्षला पाणी प्यायला उठते.
जिंकलास का?
नाही, एकाची जागा बदलतोय.
कोणाची?
म्हाताऱ्याची.
ती ग्लास तोंडाला लावून थांबते.
म्हणजे तुमच्या भामऱ्यांसारखं?

भामऱ्यांचा गुडघा गेल्या मार्चमध्ये गेला.
प्रेसवरून काढून टूल रूममध्ये बसवलं,
ड्रिल मोजायला.
पहिला महिना डबासुद्धा एकटेच खायचे.
आता दोन शेड पलीकडून, नुसत्या आवाजावर
सांगतात, तीन नंबरची डाय बोथट झालीये.
पोरं हसतात, मग मशिन उघडतात,
मग हसत नाहीत.

हे मी हर्षलाला सांगितलं नाही.
ती झोपलीही होती.

सामना सुरू केला.
हरलोच. दोन-एक.
एक गोल तर त्याच्याच चुकीच्या पासवर.
पण आमचा जो एक झाला,
त्याच्या आधी बावीस सेकंद
चेंडू नेव्हिलपाशी होता, नुसता,
आणि दहा ठिपके त्याच्याभोवती
हळूहळू जागा घेत होते,
जेवायच्या सुट्टीत बाकावर
सरकून बसतात तसे.

आकडे आले : पास अठ्ठ्याऐंशी.
धाव संघात सगळ्यात कमी.
सोमवारचं पत्रही आलं.
ते तसंच ठेवलं.

मे महिन्यात तो निवृत्ती जाहीर करेल,
खेळ मला विचारणार नाही.
त्याच्या जागी सोळा वर्षांचा कुणी येईल
पुन्हा दोन याद्यांतून,
वेग अठरा घेऊन,
आणि पहिल्याच दिवशी
डावीकडं पळत सुटेल.
त्याला काय सांगायचं?

सहाची बस आहे, त्रिमूर्ती चौकातून.
भामरे खिडकीपाशी बसतात.
विचारून बघतो.