पीक

मकरपुऱ्याच्या आमच्या शेडमध्ये सळई येते
कागदात गुंडाळून, तीन मीटरची,
रंग दूध जास्त झालेल्या चहाचा.
चलनावर लिहिलेलं : पीक, व्यास चाळीस.
आईला वाटलं होतं, पोरगा शेवटी शेतीमालात गेला.

भाव विचारू नका या पिकाचा.
लेथवरून उतरणारा लांब कुरळा कीस
शेठ स्वतः झाडून घेतात, तोलतात, कपाटात कुलूपबंद करतात.
पितळेचा अजून उघड्या पिंपात पडतो.

पितळ मला बाबांनी शिकवलं.
ते सोडलं तेव्हा दोन वर्षं
ते माझ्याशी जेवणापुरतं बोलत.
प्लास्टिक म्हणजे बादल्या, त्यांचं म्हणणं.

हे बादलीतलं नव्हे.
अडीचशे अंशांत राहतं, जसं आपण मे महिन्यात राहतो.
वाफ सोसतं, डिझेल सोसतं, बहुतेक ॲसिडं पचवतं;
तीव्र गंधकाम्लापुढे हरतं, तेवढं गिऱ्हाइकाला सांगून टाकतो.
तेलावाचून फिरतं, कुरकुरत नाही.
वजन पितळेच्या सहाव्या हिश्शाहून कमी.

हट्टी फक्त एका बाबतीत.
खरवडून झालं की भट्टीत निजवावं लागतं,
तापवायचं हळू, निववायचं त्याहून हळू,
तासाला दहा अंश,
रात्रपाळीच्या माणसाने झाकण उघडून बघायचं नाही.
घाई केली तर आतला ताण आतच राहतो
आणि महिन्याभराने, कुणी हात लावला नसताना,
गोल भोक लंबगोल होतं.
नव्या केयूरला हे सांगताना
मी मध्येच गप्प होतो. त्याला वाटतं, विसरलो.

उत्तरायण झालं आणि बाबांची कंबर गेली.
डॉक्टर पेंढारकरांनी चौथ्या-पाचव्या मणक्यात
एक पिंजरा बसवला, बोटाच्या पेराएवढा.
कशाचा, विचारलं. म्हणाले, पीकचा.
आमच्या शेडचा नव्हे, तसल्या कामाला काचेची खोली लागते.

दांडिया बाजारातल्या खिडकीत
बाबा एक्स-रे उजेडाला धरून बसले.
स्क्रू दिसतात, पांढरे, ठसठशीत.
पिंजरा दिसत नाही. त्याच्या जागी सावली
आणि तीन बारीक ठिपके,
तो कुठे आहे ते कळावं म्हणून मुद्दाम घातलेले.
चष्मा वर केला, खाली केला.
ठिपक्यांवरून नख फिरवलं,
जसं ते बुशच्या कडेवरून फिरवत.

मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा
माझ्या कामाबद्दल विचारलं :
"निववलं असेल ना रे नीट?"

हो म्हणालो.
दुसरं काय म्हणणार.