अर्धा मोर

डोळे ठणठणीत आहेत, डॉक्टर हिरेमठ म्हणाले,
काच साफ, पडदा साफ, मोतीबिंदूचा मागमूस नाही.
मग भाकरीचा डावा अर्धा
ताटात तसाच का राहतो रोज,
आणि राजमणी ताट फिरवते तेव्हा
आणखी भाकरी कुठून येते?

सात रस्त्याजवळचा दवाखाना. मे महिना.
पंखा गरम हवाच ढवळत होता.
एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसवलं मला:
मधल्या पिवळ्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही,
कडेला कुठं उजेड चमकला की बटण दाबायचं.
बस्स, एवढंच.
चाळीस वर्षं जकार्डचे पत्ते पंच केले मी,
भोक कुठं, भोक कुठं नाही,
दुसरं काय केलंय आयुष्यात?
पण उजेड येईना.
बराच वेळ येईना.
घाबरलो, आणि अंदाजानं दाबत सुटलो.
मशीनला कळलं.
सुमय्या मुजावर, तपासणारी पोरगी, हळूच म्हणाली,
दिसलं नाही तर दाबू नका काका,
इथं नापास करत नाहीत कुणाला.

मग डोक्याच्या मागं, शेंडीच्या जागी,
गार मलम थापून वायर चिकटवली तिनं.
अगं, डोळे पुढं आहेत माझे.
बघणं मागं होतं काका, म्हणाली.
पटलं मला.
कापड पुढं गुंडाळत येतं, बीम मागं असतो,
मागाला माग उगाच म्हणत नसतील.

पडद्यावर काळेपांढरे चौकोन.
काळा पांढरा होतो, पांढरा काळा,
सेकंदाला दोनदा, न थकता.
हा तर ग्राफ! आमचाच ग्राफ!
आडवे सोळा, उभे बारा...
मोजू नका हो, नुसतं बघा.
नुसतं बघणं, पोरी,
मला कधी जमलेलंच नाही.

उजव्या बाजूला चौकोन लावले
तर रेघेला छान उंचवटा आला.
डाव्या बाजूला लावले
तर रेघ दुपारच्या सिद्धेश्वर तलावासारखी पडून राहिली,
एखादी बारीक थरथर,
तीही बहुतेक पंख्याची.

एक सांगू?
चादरीवरचा मोर मी कधी पुरा काढला नाही.
कुणीच काढत नाही.
ग्राफवर अर्धाच काढायचा, चोचीपासून शेपटीपर्यंत एका अंगाचा,
उरलेला अर्धा दोऱ्यांच्या बांधणीतून
आपोआप समोरासमोर उभा राहतो.
गिऱ्हाईक म्हणतं, वा, जोडी!
मला वाटलं डोक्यातही तशीच बांधणी असेल,
अर्धं गेलं तर अर्धं काढून देईल.
डॉक्टर म्हणाले, नाही गड्डमबाबा.
ते काढून देत नाही.
गेलंय, हेही सांगत नाही.

रिपोर्टावर उजवीकडे पांढरं, डावीकडे काळंभोर,
मधली शीव कातरीनं कापल्यासारखी.
कारखान्यात नेऊन भाच्याला दाखवला.
हे पंच केलं तर काय निघेल रे, श्रीहरी?
त्यानं उलटासुलटा करून पाहिला.
विकली जाणार नाही मामा, म्हणाला,
आणि माग बंद करून
दोघांसाठी चहा सांगितला.
माझा कप उजव्या हाताशी ठेवला त्यानं,
न सांगता.

संध्याकाळी राजमणी बिड्या वळायला बसते.
मुद्दाम डावीकडे. डॉक्टरांनी तसं सांगितलंय,
मान वळवायची सवय लागावी म्हणून.
मान वळवली की ती असते,
सूप असतं, तेंदूची पानं, जर्दा,
आणि तिची बोटं, जी पन्नास वर्षांत
एकदाही खाली बघून चालली नाहीत.
मान सरळ केली
की कातरीचा आवाज उरतो नुसता.
कच. कच.
जिथं काहीच नाही, काळंसुद्धा नाही,
तिथून.

पानं फार सुकलीत आज, तिथून आवाज येतो,
जरा पाणी शिंपडा की.
मी तांब्या घेऊन उठतो,
आणि थोडं पाणी
चुकीच्या जागी सांडतं.