चौथी चकती

फेब्रुवारीत वेजपोर्टला कुणी घाईत नसतं.
धक्का गोठलेला, होड्या ताडपत्रीखाली,
आणि माझ्या शेडमध्ये रॉकेलचा स्टोव्ह
न जाणाऱ्या पाहुण्यासारखा खोकत बसलेला.

झेली कोत्रोनं टॉवेलात गुंडाळून रीळ आणलं
आणि मासा टाकावा तसं बाकावर टाकलं.
'बाबांचं. धरून ठेवतं, मग एकदम सोडतं.'
मी म्हटलं, 'तेओफील तसाच होता.'
ती हसली नाही.

मुठीमागचा तारा आधी काढला.
तो पिळला की आतल्या चकत्या एकमेकींना बिलगतात,
आणि मासा पळू लागला
की दोरी किती द्यायची ते त्याच ठरवतात.
निकेलची चकाकी, काळं एबोनाइट,
ते सगळं दुकानाच्या काचेसाठी.

स्क्रू हलेना. पन्नास हिवाळ्यांचं मीठ.
तेलाचा थेंब सोडला, जेवून आलो.
दुसरा सोडला, झोपून आलो.
तिसऱ्या दिवशी 'क्' असं काहीतरी म्हणाला.
जोर करणाऱ्यांची डोकी मी पाहिली आहेत,
स्क्रूंची म्हणतोय,
खाच उडालेली, गुळगुळीत,
पुन्हा कुणाच्या हाती न लागणारी.

आत ग्रीसचा डिंक झालेला. पितळेवर हिरवं.
पितळ, चामडं, पितळ, चामडं,
सुरीच्या टोकानं एकेक सुटी केली
आणि जुन्या वर्तमानपत्रावर
निधनवार्तांच्या रांगेत मांडत गेलो.

चौथं चामडं कारखान्याचं नव्हतं.
कात्रीनं कापलेलं, जरा लंबुळकं,
कडेला शिवणीची तीन भोकं,
आणि तापल्या खिळ्यानं डागलेला
अर्धा झेड.

फोन केला. बुटांवरचा बर्फ न झटकता आली.
चष्मा लावला, काढला, पुसला, लावला.
'माझं दप्तर,' म्हणाली.
'तिसरीत होते. झाकणाचा कोपराच गायब.
सिस्टरनं पट्टी मारली, आईनं उपाशी ठेवलं,
मी ल्युसिएँचे स्केट्स दलदलीत फेकले,
कारण घरातली कात्री पळवणारा तोच.'
'आणि तेओफील?'
'जेवत होते. ताटातून मान वर केली नाही.
म्हणाले, गेलं तर गेलं.
त्या सप्टेंबरात ट्यूना अगदी धक्क्यापाशी आले होते.
सहाशे पौंडांचा एक बाबांनी आणला.
त्यात घराचं छप्पर झालं.
त्या छपराखाली साठ वर्षं
ल्युसिएँ चोर.'

स्टोव्ह खोकला.
मी म्हटलं, 'हल्ली कार्बनच्या चकत्या मिळतात.
एकदा बसवल्या की आपल्यानंतरही चालतील.'
'आणि ही?'
'चामडं मेलेलं नाही. तेल पाजलं तर…'
'पाज,' म्हणाली.

दोन रात्री बरणीत बुडवली,
गाईच्या खुरांच्या तेलात.
शेजारी झेलीनंच आणलेला रापूर, थंड, अर्धा खाल्लेला.
काचेवर बारीक कागद पसरून
पितळ गोल गोल घासत राहिलो
तोंड दिसेपर्यंत, मग नको वाटलं म्हणून थांबलो.
क्रमानं सगळं परत. चौथीच्या जागी चौथी.

ओढ आम्ही पौंडांत मोजतो.
दोरीचं टोक काट्याला बांधलं,
काटा तिच्या हातात दिला.
'चाल. सरळ. हिसका न देता. आकडा सांगत जा.'

ती निघाली,
लॉबस्टरच्या पिंजऱ्यांच्या ढिगावरून वळसा घालून,
रस्ता ओलांडून.
'चौदा,' ओरडली. 'चौदा.'
रीळ देत होतं, एकसारखं,
तूप ओघळावं तसं.
'चौदा.'
मग आवाज थांबला.

'पुरे!' मी दारातून हाक मारली.
ती वळली नाही.
एक हातमोजा मागे बर्फात पडला होता,
फोन कानाशी,
मॉन्क्टनला लागत असावा.
काटा दुसऱ्या मुठीत तसाच,
आणि ती चालतेय, धक्क्याच्या दिशेनं.

रिळावर अजून दोनशे यार्ड शिल्लक होती.
मी अंगठा लावला नाही.