फोटोखालची ओळ

पूर्णा जंक्शनच्या रेल्वे कॉलनीतून
हिगिन्स ड्रायव्हर साठ साली पर्थला गेले.
जाताना म्हणाले, सटवाजी, काहीतरी पाठवू.
सगळेच म्हणतात.
पण मासिक आलं.
तपकिरी पट्टीत गुंडाळलेलं, कडेला ओल लागून फुगलेलं,
पोस्टमननं आधी दोन दिवस स्वतः पाहून घेतलेलं.

माझा बाप सिग्नलचे दिवे पुसायचा.
रॉकेल भरायचं, वात कातरायची, काच लखलखीत करायची,
शिडीनं वर, शिडीनं खाली.
हाताचा वास भाकरीलाही यायचा,
म्हणून मासिक उघडायच्या आधी
तो राखेनं हात धुवायचा.
मराठी सहीपुरती, इंग्रजी नाहीच.
चित्रं मात्र वाचायचा, सावकाश,
पानाला बोट न लावता.

पहिला अंक पाहून बराच वेळ गप्प बसला.
मग म्हणाला, "हे तं हिंगोलीकडचंच रान हाय की."
करपलेलं गवत, एक बोडकं झाड,
पुढे आभाळापर्यंत काही नाही.
मेंढरं तेवढी जास्त.
आईनं विचारलं, इतक्यांना पाणी कुठून पाजतात?
बापानं पान उलटून पवनचक्की दाखवली,
जणू त्यानंच बसवली होती.

एका अंकात नुसते रूळ.
जवळजवळ तीनशे मैल एकही वळण नाही, मी वाचून दाखवलं.
"वळण नसंल तं डायवर झोपंल की."
रात्री बाजेवरून आवाज आला:
"तितले दिवे कोण पुसत आसंल?"

स्टेशनरोडची निलगिरी मूळची तिकडची,
हे शाळेत कळलं तेव्हा मी पळत येऊन सांगितलं.
"बदली झाली आसंल," बाप म्हणाला.

मग तो गुराखी.
पानभर फोटो. आमच्याइतकाच काळा,
हॅट मागे सरकवलेली, लगाम सैल,
उन्हाकडे बघून बघून बारीक झालेले डोळे.
बापाचं सगळ्यांत आवडतं पान.
"नाव काय याचं, वाच."
मी वाचलं. परत वाचलं.
घोड्याचं नाव ड्यूक.
मालकाचं नाव होतं, रानाचं होतं, किती लाख एकर तेही होतं.
माणसाला फक्त: एक स्थानिक गुराखी.
"आन् त्याचं?"
नाही दिलं.
"नीट बघ. मागं आसंल."
मागे साबणाची जाहिरात होती.

बाप उठला. ट्रंकेतून पाकीट काढलं.
निरोपाच्या दिवशी फलाटावर काढलेला फोटो,
हिगिन्सबाईंनी पहिल्या नाताळला पाठवलेला:
साहेब, बाई, नोरीन, कुत्रा,
आणि टोकाला, हातात दिवा धरून, बाप.
पाठीमागे जांभळ्या शाईत काही लिहिलं होतं.
शुभेच्छा असतील, असं आम्ही पाच वर्षं धरून चाललो होतो.
"वाच."
फ्रँक, मी, नोरीन, बस्टर
आणि आमचा लॅम्पमन.

खोटं वाचता आलं असतं.
तेरा वर्षांची होते, सुचलं नाही.

"बस्टर," बाप म्हणाला. "लई चावरं होतं."
आणि हसला, खरंच हसला.
मग मासिक पुढे ओढलं,
हात न धुताच,
गुराख्याच्या पायाशी अंगठा टेकवला.
"हितं रेघ मार."
काय लिहू?
"लिहू नको. आपल्याला काय म्हाईत त्याचं नाव.
नुसती रेघ मार. जागा ठिव."

फोटोमागे मात्र त्यानं स्वतः लिहिलं,
पगाराच्या रजिस्टरात करायचा तशी सही,
जीभ दातांत धरून,
जांभळ्या ओळीवरच.

दिवे पुढे विजेचे झाले.
ते पान माझ्याकडे आहे.
रॉकेलचा अंगठा पिवळा पडत आलाय.
रेघ थोडी वाकडी आहे,
पट्टी सरकली होती.