कन्नडक

वडगावच्या मागावर बाबांचा धागा तुटला,
त्यांना दिसलाच नाही.
चार बोटं विणून झाल्यावर कळलं :
साडीच्या अंगात एक रेघ, केसाएवढी.
म्हणाले, "ट्यूब बारीक झालीय."
ट्यूब मागच्याच आठवड्यात बदललेली.

खडेबाजारात इराण्णा हुक्केरींचं दुकान.
भिंतीवर कन्नड तक्ता, शेजारी मराठी,
आणि ज्यांना कुठलंच येत नाही त्यांच्यासाठी तिसरा :
त्यावर नुसत्या तीन दातांच्या फण्या,
चारी दिशांना तोंडं फिरवलेल्या.
"कुठला वाचणार?"
सातवी झालेल्या माझ्या बाबांनी
तिसरा मागितला
आणि बोटानं दाखवत बसले,
दात वर, दात खाली, दात डावीकडं.
का ते मी विचारलं नाही.

बिल कन्नडात. मी अक्षरं लावली : कन्नडक, एक.
"हा शेवटचा क कशाला जादा?"
हुक्केरी हसले. "भाषा फुकट हाय वो.
क चे नऊशे."
मग म्हणाले, कन्नडक म्हंजे चष्मा,
आणि कन्नडी म्हंजे आरसा, तो काय समोर, बघा.
बाबांनी बघितलं.
आरशात मागच्या भिंतीवरचा मराठी तक्ता उलटा लटकलेला.
ओठ न हलवता
ते तो खालच्या ओळीपर्यंत वाचत गेले.

बसमध्ये डबी मांडीवर.
चष्मा म्हणवेना, तो हेडमास्तरांचा.
चाळीशी म्हणावी, खरं साठी आलीय,
"मग मधली वीस वर्षं मी काय लावून विणूलालतो?"
चौकात मांडव पडला होता, माईकवरचा माणूस सांगत होता
की आमच्याकडं त्या चष्म्यातून बघू नका.
बाबांनी खिडकीतून कान दिला.
"तसला नंबर," म्हणाले,
"हुक्केरीनं काय दाखवला नाही."

रेघेची साडी सावकारानं परत पाठवली.
आई तीच नेसते.
दुपारी सूप घेऊन बसली की मागाकडं न बघताच
हात पुढं करते :
"तुमचं डोळं द्या जरा, तांदळात खडं हाईत."
ते काढून देतात.
माग थांबतो.
आमच्या गल्लीत एवढं शांत
एरवी फक्त करंट गेल्यावर होतं.