खिळा कुठे जातो

पोतोसीच्या वरच्या वस्तीत सकाळचा वर्ग भरतो
तेव्हा खिडकीच्या काचेवर आतून बर्फ असतं.
टेबलावर मी मांडते तीन बटाटे,
जस्ताचा मुलामा दिलेले तीन खिळे,
जुन्या मोटारीच्या पोटातली तांब्याची तार, लाख खरवडून,
आणि एक तांबडा दिवा, मसूरडाळीएवढा.

सेलेदोनिओ म्हणतो, "बाई, हा माझ्या डब्यातला आहे."
आहेच.
खिळा टोचल्यावर खायचा नाही, हे सांगते
तेव्हा तो माझ्याकडे सावकाराकडे बघावं तसा बघतो.

तार खिळ्याला, खिळा बटाट्यात,
बटाट्यातून पुढच्या बटाट्यात, हातात हात धरल्यासारखं.
दिवा लागत नाही.
पुन्हा. नाही.
बारा पोरं गप्प, आणि मी घशाशी आलेलं
"विज्ञान असंच असतं" गिळून टाकते.

य्होला पुढे येते, विचारत नाही,
दिवाच उलटा करते. लांब पाय तांब्याकडे.

मग एका शालीखाली आमची तेरा डोकी,
लोकरीचा वास, कुणाचं तरी गळणारं नाक,
आणि मध्ये तो, जेमतेम,
चोरून हसल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी चुन्यो आणला.
हिवाळ्यात गोठवून, पायांनी तुडवून वाळवलेला बटाटा,
काळा, दगडासारखा, वजनाला पीस.
त्यात काहीच नाही.
रात्रभर भिजवला, तेव्हा दिवा लागला.
"म्हणजे तहान लागते त्याला," सेलेदोनिओ म्हणाला.
मी दुरुस्त केलं नाही.

आठवड्याने खिळे उपसले.
चकाकी गेलेली, अंगावर खड्डे, देवी आल्यासारखे.
मी सांगितलं: बटाटा नुसती वाट,
झिजतं ते जस्त, ते विरघळतं म्हणून तार चालते.

सातुर्निना खिळा तळहातावर तोलत होती.
"जस्त आमच्या डोंगरातलं?"
बहुतेक.
"बाबा काढतात."
हो.
"मग त्यांच्या टोपीवरच्या दिव्याला किती बटाटे लागतील?"

फळ्यावर हिशेब मांडला. शून्यं वाढली,
पोती झाली, गाडी झाली, खडू संपला.
पोरं खिदळत होती.
ती नाही.

सुट्टीत मोजले तर दोनच खिळे होते.
तिच्या खिशावर गंजाचा डाग दिसला.
मी वहीत लिहिलं: एक खिळा, प्रयोगात खर्च.