नाव शेवटच्या कडव्यात

बर्फाच्या कारखान्यात मी हिशेब लिहिते.
किती लाद्या फुटल्या, किती बोटींवर गेल्या,
कोणाची उधारी कोणत्या नारळी पौर्णिमेपासूनची.
कंप्रेसर दिवसरात्र घरघरतो,
म्हणून गाणं रेकॉर्ड झालं ते लाइट गेल्यावर,
मंगळवारी, साडेअकरा ते बारा.
थर्माकोलचे रिकामे खोके चहूबाजूंनी रचून
मध्ये मी, आणि पालथ्या टोपलीवर मोबाइल.
पहिल्या कडव्याला बांगड्याचा वास आहे.
तो ऐकू येत नाही, असं निहार म्हणतो.

निहार माझा भाचा. दापोलीला कॉलेजात.
"मावशी, पहिल्या तीन सेकंदांत पकडायचं,
नाहीतर लोकांचा अंगठा पुढे सरकतो.
तुझं नमस्कार, मी दमयंती चोगले, हर्णै, ते काढून टाकू.
आधी हुक."
हुक म्हणजे गळ. हे तो मला शिकवतो.
माझ्या बापाचं अर्धं बोट गळानेच नेलेलं.
"रात्री नऊला टाक. रोज काहीतरी टाक.
चेहरा दिसू दे, मागे समुद्र दिसू दे.
पुण्याच्या लोकांना समुद्र लागतो."

समुद्राकडे पाठ करून उभी राहिले.
वारा केस तोंडात कोंबत होता.
गाण्यात भांगाचं पाणी आहे,
धड चढत नाही, धड उतरत नाही,
आणि त्यात अडकलेली एक बाई.
ती कोण ते विचारू नका.

पहिल्या आठवड्यात एकशे बारा जणांनी ऐकलं.
त्यातले चाळीस तरी मीच.
एकाने लिहिलं, छान.
एकाने विचारलं, सुरमई काय भाव?
मी भाव सांगितला.
रविवारी गाडी घेऊन आला, आठ किलो घेऊन गेला.
निहार म्हणाला, यालाच एंगेजमेंट म्हणतात.

मग आकडा गाळात रुतला.
सकाळी उठून आधी तो बघायची,
सुक्या बोंबलांवर कावळा बसलाय का
ते आई बघते तशी.

दर्यावर रेंज नसते.
तिथे गाणी मेमरी कार्डावरून जातात,
या बोटीवरून त्या बोटीवर, तंबाखूसारखी,
जरा दे रे, म्हणत.
हे निहारला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

जयगडकडची एक बोट बर्फाला आली
आणि केबिनमधून माझा आवाज.
लाद्या मोजताना तेरानंतर एकदम पंधरा लिहिलं.
"कोणाचं हो हे?"
"काय की," तांडेल म्हणाला,
"गोव्याकडच्या कुठल्याशा बाईचं आहे.
तिसऱ्या रात्री जाळं ओढताना लावतो.
पोरांना झोप येत नाही."

मी नाव सांगितलं नाही.
तोंडाशी आलं होतं.
बिल फाडलं, बावीस लाद्या,
आणि एक फुटकी वरून दिली.
ती अजून कोणाच्या खात्यावर टाकलेली नाही.

जुनी माणसं शहाणी.
नाव शेवटच्या कडव्यात ओवायची,
असं, की कापलं तर गाणंच लंगडं व्हावं.

म्हणून वहीच्या मागच्या पानावर
चार दिवस खाडाखोड चाललीय.
दमयंती चालीत बसत नाही,
एक मात्रा बाहेर लोंबते.
दमी बसतं.
पण दमी म्हणणारी माणसं चारच होती,
त्यातली दोन आता नाहीत,
आणि तांडेलाला काय कळणार कोण दमी.
हर्णैची दमी? चोगल्यांची?
यमकाला कमी येतं. ते नको.
हमी येतं. ती कोण देणार?
नेहमी येतं. ते ठेवलंय तूर्त, पेन्सिलीने.

खोके रचून तयार आहेत.
पावणेबारा झाले. कंप्रेसर घरघरतोय.
अख्ख्या बंदरात
लाइट जावी म्हणून देव पाण्यात ठेवलेली
मी एकटीच.